पार्सल हरवलं? ओळख नंतर काढा, आधी तक्रार नंबर काढा

खान्देशात कुणाचं पार्सल हरवलं की पहिला फोन कंपनीला जात नाही, ओळखीच्या माणसाला जातो. "अरे, त्या कुरिअरमध्ये आपला पोऱ्या आहे ना, त्याला सांग." शालकाचा मित्र, गल्लीतला पोस्टमन, भाडेकरूचा मेहुणा, कुणीतरी निघतंच. तो म्हणतो, "टेन्शन नका घेऊ भाऊ, उद्या पाहतो." निम्मी केस तिथेच बुडते. हे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, पीक विमा या गर्दीत कुणी ना कुणी मोबाईल पुढे करतंच, "दादा, मनं पार्सल कोठे शे, जरा देख ना." हे सगळं तिथे बसून पाहिलेलं आहे.

ओळखीचा माणूस वाईट असतो असं नाही. कधी कधी तो खरंच गोण्यांच्या ढिगातून तुमचं पाकीट उपसून आणतो. पण नाही सापडलं तर? तुमच्या हातात त्याचं "उद्या पाहतो" एवढंच उरतं. कंपनीच्या लेखी तुमचं पार्सल हरवलेलंच नसतं, कारण कुणी तक्रारच केलेली नसते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी लेकीला हैदराबादला बिबडे, कुरडया आणि कळण्याचं पीठ कुरिअरने पाठवलं. उन्हाळाभर गच्चीवर वाळवलेला माल. पोचला नाही. भाच्याची कुरिअरच्या ऑफिसात ओळख होती, म्हणून मावशी निवांत. सणवार झाले, पावसाळा सरला, आणि शेवटी त्या ऑफिसात उत्तर मिळालं की एवढं जुनं रेकॉर्ड आता निघत नाही. मावशींकडे पावती होती. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. फक्त तिच्यावर काही दिसत नव्हतं, कोरा कागद.

या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं. आपल्याकडच्या उन्हात, गाडीच्या डिकीत नाहीतर शर्टाच्या खिशात ती पावती एकतर काळी पडते, नाहीतर कोरी होते. काउंटरवरून हलायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा. झेरॉक्स माझ्याकडे काढलीत तर मला दोन रुपये मिळतील, पण फोटो फुकट आहे.

आता, पार्सल "हरवलं" म्हणजे नेमकं काय झालं? बहुतेक वेळा ते कुठेतरी अडलेलं असतं आणि कुठे अडलं ते शेवटच्या नोंदीवरून कळतं. पोस्टाचा नंबर तेरा खुणांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. तो टाकल्यावर "बॅग्ड" आणि "डिस्पॅच्ड" दिसून पुढे दोन-तीन दिवस शांतता असेल, तर लगेच छाती बडवू नका. तुमचं पाकीट सीलबंद थैलीत असतं आणि ती थैली पुढच्या ठिकाणी उघडेपर्यंत त्याची वेगळी नोंद होत नाही. पण शेवटची नोंद भलत्याच गावची असेल, किंवा "पत्ता अपूर्ण", "दार बंद" असं काही आलं असेल आणि तुम्ही तर दिवसभर ओट्यावरच बसलेले होतात, तर त्याच दिवशी तक्रार टाका.

सगळ्यात वाईट नोंद म्हणजे "डिलिव्हर्ड". माल हातात नाही आणि स्क्रीन म्हणते दिला. अशा वेळी डिलिव्हरीवाल्या पोराशी भांडण्यात काही अर्थ नाही. तो पंचवीस-तीस वर्षांचा पोरगा, मोटारसायकलवर दिवसाला ढीगभर पाकिटं वाटतो, दर पाकिटामागे त्याला किती सुटतात ते एकदा विचारून पाहा. भांडायचं तर कंपनीशी, आणि मागायचा पुरावा: सही कुणाची, फोटो कुठल्या दाराचा, ओटीपी कुठल्या मोबाईलवर गेला. बरेचदा फोटोत दार शेजारच्याचं निघतं आणि विषय तिथेच मिटतो.

तक्रार कुणी करायची यावर घराघरात घोळ असतो. मी एवढंच विचारतो, पैसे कुणी कुणाला दिले? ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे तुम्ही विक्रेत्याला नाहीतर ॲपला दिलेत. मग "कुरिअरवाल्याला विचारा" हे त्यांचं उत्तर ऐकून घ्यायचं नाही. कुरिअर त्यांनी नेमलं, तुम्ही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. तुम्हीच बुकिंग केलं असेल, तर कुरिअरशी तुमचा थेट व्यवहार. तिथे 2007 चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा लागतो. त्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत कुरिअर एजन्सीही येते. या कायद्याखाली दावा करायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली पाहिजे. मावशींचे ते दिवस "उद्या पाहतो" ऐकण्यातच गेले, आणि माझा राग आहे तो यावर.

दुसरी खोड म्हणजे बुकिंगला किंमत कमी लिहायची. आठ हजारांचा मोबाईल, पावतीवर "सॅम्पल, 100 रुपये". मग भरपाई मागताना पावतीवरचा तुमचाच आकडा तुमच्या तोंडावर मारला जातो.

सरकारी पोस्टाचं गणित वेगळं आहे. 1898 च्या कायद्यात गहाळ, उशीर, नुकसान यांच्या जबाबदारीतून पोस्टाला जवळपास मोकळं ठेवलं होतं. 18 जून 2024 पासून नवा पोस्ट ऑफिस कायदा लागू झाला, पण सूर तोच: नियमात लिहिली असेल तेवढीच जबाबदारी. स्पीड पोस्ट गहाळ झालं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी ते, असा वर्षानुवर्षांचा नियम. चाळीस रुपयांच्या पाकिटाला किती होतात, करा हिशोब. ही मला सरळ थट्टा वाटते. तरीही साधं पाकीट मी पोस्टानेच पाठवतो, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर पोस्टमन जातो, बाकीचे "नॉन-सर्व्हिसेबल" म्हणून मोकळे होतात. मौल्यवान असेल तर विमा उतरवून पाठवा. आणि राखीच्या पाकिटात शंभराची नोट घालणाऱ्या बहिणींनो, नोटा फक्त विमा केलेल्या पाकिटातूनच पाठवता येतात. गहाळ झाली तर तक्रारीत नोटेचा उल्लेखही करता येणार नाही. पोस्टाचा टोल फ्री नंबर 1800 266 6868. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका, तिथून खाली प्रश्न आला की ऑफिसातल्या खुर्च्या जरा हलतात.

पत्त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्या भागात तो वेगळाच त्रास आहे. पाचोरा जळगाव जिल्ह्यात, पण पिन धुळ्यासारखा 424 ने सुरू होणारा, 424201. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन जळगावसारखा 425 ने सुरू होणारा, 425405. म्हणजे जिल्हा पाहून अंदाजाने पिन ठोकला की पाकीट उलटं फिरलंच. एक पिंपळगाव आमच्या पाचोऱ्याकडे हरेश्वराचं, दुसरं निफाडकडे बसवंताचं. जळगाव म्हटलं तर एक आपलं आणि एक बुलढाण्यातलं जळगाव जामोद. वर बुद्रुक आणि खुर्द आहेतच. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आणला तो याच घोळासाठी, आणि आपण अजून "बस स्टँडच्या मागे, लिंबाच्या झाडाजवळ" एवढ्यावर भागवतो. झाड लिहा, पण पिनही लिहा. पापडाच्या डब्यातून तेल पाझरून लेबल पुसलं जातं, तेव्हा दोन्ही पत्ते आणि मोबाईल नंबर लिहिलेली एक चिठ्ठी आतही टाका. पत्ता न लागलेली पाकिटं पोस्टाच्या परत पत्र कार्यालयात उघडून पाहतात, तिथे ती चिठ्ठीच कामी येते.

पार्सल हरवलेला माणूस घाईत असतो आणि भामट्यांना ते पक्कं माहीत आहे. गूगलवर "कस्टमर केअर" शोधलं की वर येणारा मोबाईल नंबर कंपनीचा असेलच असं नाही. तो गोड बोलून लिंक पाठवतो, "पत्ता अपडेटचे फक्त पाच रुपये" म्हणतो, नाहीतर स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो. नंबर पावतीवरून किंवा ॲपमधूनच घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. आणि "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले" म्हणणारा पोलीस व्हिडिओ कॉलवर आला, तर कॉल कट करा, घाबरू नका.

कंपनी दाद देत नसेल तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तेवढ्यानेच बरीच प्रकरणं मिटताना मी पाहिलीत. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोकांना वाटतं, कंपनी बंगळुरूची म्हणजे केस बंगळुरूला. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आमच्यासाठी जळगाव. मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर सरकारी फी शून्य. सोबत जोडायला पावतीचा फोटो, तक्रार नंबर आणि त्यांच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट लागतात. ओळखीच्या पोऱ्याच्या फोन कॉलची प्रिंट मात्र मला काढून देता येत नाही.