घोड्यांकडे कामाला बाई पाहिजे

अमेरिकेत येऊन मला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत घरातली भांडी मी घासली, फरशी मी पुसली, संडास मी धुतला. इथे कामाला बाई ठेवणं आपल्या खिशाला झेपणार नाही, हे मी आणि बायकोने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. गेल्या मे महिन्यात मात्र मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढली आणि तासभर लांबच्या एका दुकानात गेलो, ते दोन माशांच्या घरी केरफरशी करायला कोणी मिळतंय का, हे बघायला.

मासे म्हणजे समुद्रघोडे. लेकीला खरं तर कुत्रा हवा होता. वाटाघाटी चार महिने चालल्या. 'भुंकणार नाही, फिरवावा लागणार नाही आणि बाबा ज्याला घाबरणार नाहीत' असं काहीतरी, यावर तह झाला. आईला फोनवर ही बातमी सांगताना माझ्या तोंडून समुद्रघोड्यांऐवजी 'पाणघोडे' निघून गेलं. डोंबिवलीत बराच वेळ शांतता पसरली. मग आई म्हणाली, "अरे, पण जिन्यातून वर कसे नेलेत?"

धाकट्या भावाने लगेच 'येताना माझ्यासाठी पण जोडी आण' अशी फर्माईश केली. त्याला सांगितलं, बाबा रे, भारतात समुद्रघोडा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जाऊन बसला, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. पाळायचं सोड, वाळवलेला जवळ सापडला तरी पंचाईत. आमचे दोघे इथल्याच पूर्व किनाऱ्यावरच्या जातीचे, तेही समुद्र न बघता टाकीतच जन्मलेले. कागदपत्रं चोख. माझ्या व्हिसापेक्षा चोख.

तर या प्राण्याला दात नाहीत आणि पोटही नाही. पोट नाही म्हणजे जठर नावाची पिशवीच नाही. खाल्लेलं एका बाजूने आत जातं आणि अंगी लागतं न लागतं तोच दुसऱ्या बाजूने बाहेर. त्यामुळे दिवसातून तीनदा जेवण. जेवायला मायसिस नावाच्या बारक्या, गोठवलेल्या कोळंब्या. मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी इकडे आली. तिने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिचा चेहरा उजळला. "हा तर जवळा! थोडा कांदा आहे का?"

बरं, खायची पद्धत अशी की एक डोळा जवळ्यावर, दुसरा भिंतीकडे (त्यांचे डोळे वेगवेगळे फिरतात), आणि मधे विचार. लग्नाच्या पंगतीत जिलबी घ्यावी की मठ्ठा, यावर आमचे एक काका जेवढा वेळ लावायचे, तेवढा वेळ प्रत्येक कोळंबीमागे. तोवर निम्मा जवळा खाली वाळूत. खाली पडलेलं उचलायचं म्हणजे आमच्या दोघांना कमीपणा. तो जवळा कुजतो, पाण्यात अमोनिया वाढतो, जंतू वाढतात, आणि जंतूंपुढे हा घोडा फार लवकर मान टाकतो. म्हणून पाणी बावीस-तेवीस अंशांवर थंड ठेवायचं आणि उष्टं काढायला टाकीत आणखी प्राणी सोडायचे. या मंडळींना इंग्रजीत 'क्लीनअप क्रू' असं भारदस्त नाव आहे. आईने त्याचं एका शब्दात भाषांतर केलं: "म्हणजे बाई."

आईला या विषयात चाळीस वर्षांचा अनुभव. तिने माझ्या फोनवरची उमेदवारांची यादी घेतली, चष्मा लावला आणि प्रत्येकाबद्दल तीनच प्रश्न विचारले. खाते काय? हात चलाख आहे का? आणि घरातल्या माणसांशी कशी वागते?

तिसऱ्या प्रश्नावर निम्मी यादी बाद झाली. कारण समुद्रातला जो जो साफसफाई करतो, त्याच्याकडे नांगी तरी असते, डंख तरी असतो, नाहीतर भूक तरी. आणि घोड्याला ना पळता येत, ना चावता येत. त्याच्या एका बुटक्या भाऊबंदाची तर जगातला सगळ्यात हळू पोहणारा मासा म्हणून नोंद आहे: तासाला दीड मीटर. आमचे त्यापेक्षा बरे, पण पळून जाण्याइतके नाहीत. वर शेपटीची खोड अशी, की दिसेल त्याला विळखा घालायचा. ते पाइप आहे, प्रवाळ आहे की कुणाची नांगी, ही चौकशी नंतर.

हिरवा ब्रिटल स्टार हा तारामाशाचा लांब हातांचा चुलतभाऊ. दिसायला राजबिंडा. हा रात्री हातांवर उभा राहून अंगाची छत्री करतो आणि खाली येऊन झोपलेल्या माशावर ती मिटतो. आई म्हणाली, "नको. असा एक आमच्या चाळीत होता." समुद्रकाकडी वाळू छान चाळते, पण ती मेली किंवा पंपात अडकली तर जे विष सोडते, त्यात अख्खी टाकी जाऊ शकते. "नोकरीवरून काढली तर घर पेटवणारी," आईने फुली मारली. बॉक्सरसारख्या नांग्या परजणारी पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी तर तिने पानावर पाहिली आणि पान उलटलं.

राहिल्या गोगलगाई. "बघ, गरीब आहेत," मी म्हणालो.

"गोगलगाय आणि पोटात पाय," आई म्हणाली. मी सांगितलं की शास्त्रज्ञही तिला उदरपादच म्हणतात, पोटानेच चालते ती. आईला हे फार पटलं. किंमत ऐकून मात्र ती उभी राहिली. एका गोगलगाईला चार डॉलर. तिने मनात गुणाकार केला. "तीनशे-साडेतीनशे रुपये? एकीला? अरे, पावसाळ्यात आपल्या बाथरूममध्ये फुकट येतात!"

तरी घेतल्या. दुकानात एक हसतमुख पोरगा होता. त्याने प्रत्येक प्रकारातल्या काही दिल्या आणि वर चार छोटे निळ्या पायांचे हर्मिट खेकडे भेट म्हणून घातले. "एकदम शांत असतात," म्हणाला. फुकट मिळालेल्या बाईबद्दल आईला तिथेच संशय आला होता. मी ऐकलं नाही.

घरी येऊन पाहुण्यांना टाकीच्या पाण्याची सवय करायची. क्षारांचं प्रमाण एकदम बदललेलं त्यांना सोसत नाही, म्हणून बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडायचं. दीड तास. बायको कामावरून आली, तेव्हा स्वयंपाकघरात गोगलगाईंना सलाईन लावलेलं होतं आणि आई शेजारी पेशंटच्या नातेवाइकासारखी स्टूल टाकून बसली होती.

पहिल्या आठवड्यात एकेकीचा स्वभाव कळला. नॅसॅरियस नावाची गोगलगाय दिवसभर वाळूखाली. दिसत नाही, हाक मारून येत नाही. पण पाण्यात जवळा पडला की मिनिटभरात वाळू हलते, सोंड वर येते आणि सगळ्या जणी लगबगीने हजर. आईच्या मते हिला कामावर ठेवलं असं म्हणताच येणार नाही, ही चहाच्या वेळेला येणारी शेजारीण आहे. पण उष्टं फस्त करते खरं. शेवाळाला मात्र तोंड लावत नाही, कट्टर मांसाहारी. शेवाळासाठी ट्रोकस. ट्रोकस म्हणजे बाईंमधली बाई: काच पुसते, खडक पुसते, पडली तर आपली आपण उठते, वर तोंडातून शब्द नाही. टर्बो अंगाने थोराड. वाटेत जे येईल ते ढकलत जाते. एकदा तर एका घोड्याने तिच्याच शंखाला शेपटी गुंडाळली आणि ती त्याला टाकीभर फिरवून आली. तो शांतपणे बसून होता. टांग्यात घोडा मागे बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि ॲस्ट्रिया. काम उत्तम, पण ही गोगलगाय उताणी पडली की तिला सरळ होता येत नाही. तशीच पडून राहते, आणि कोणी उचललं नाही तर मरते. म्हणजे बाईला उचलायला आणखी एक बाई हवी.

ही जागा आईने आपणहून भरली. जेटलॅगमुळे ती रात्री दोन-तीनला टक्क जागी असायची. टॉर्चला लाल जिलेटिन लावून (लाल उजेडाने निशाचर बिचकत नाहीत, हे माझ्या लेकीचं संशोधन) ती टाकीसमोर बसायची, बाही वर करून पडलेल्या ॲस्ट्रियांना सुलटं करायची. सकाळी चहाबरोबर अहवाल. "डावीकडची दोनदा पडली. गुडघ्याचा त्रास असेल."

एका सकाळी अहवाल गंभीर होता. एक ट्रोकस गेली. आणि तिच्या शंखात हर्मिट खेकडा राहायला आला होता. या खेकड्याचं नाव संन्यासी, पण बि‍ऱ्हाडाची हाव बिल्डरची. वाढत्या अंगाला मोठं घर हवं, आणि रिकामं मिळालं नाही तर तो ते रिकामं करून घेतो. "आयत्या बिळावर नागोबा," आई म्हणाली, "पण नागोबा निदान उंदराला खाऊन पुरावा तरी नाहीसा करतो. हा तर त्याच घरात बसून हात हलवतोय." त्याच दिवशी एकाला घोड्याच्या शेपटीशी चाळे करताना बघितलं आणि चौघांना डबा भरून दुकानात परत दिलं. पोरगा म्हणाला, "नवलच!" तेही हसतमुखाने.

पेपरमिंट कोळंबीची गोष्ट थोडक्यात सांगतो. डंख मारणारी रानटी ॲनिमोनं (खडकाला चिकटलेले, फुलासारखे दिसणारे प्राणी) खायला म्हणून एक लहान चणीची आणली. दोन दिवस घोड्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. घोड्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं.

मग जुलैत एका रात्री आईची किंकाळी. धावत खाली आलो तर आई हातात चप्पल घेऊन टाकीपुढे उभी. "गोम! हातभर गोम!" खडकाच्या फटीतून केसाळ, गुलाबी, पंधरा सेंटिमीटरचा एक किडा निघून निवांतपणे कुजका जवळा ओढत होता. ब्रिसल वर्म. खडकाबरोबर फुकट आलेला, हजेरीपटावर नाव नसलेला. त्याच्या अंगावरचे केस बोटात काचेसारखे रुततात, म्हणून हात लावायचा नाही. पण आमच्यासारख्या टाकीत तो जिवंत धडधाकट माशाच्या वाटेला जात नाही. फटींमधलं, दगडाखालचं, जिथे गोगलगाय पोचत नाही तिथलं सगळं साफ करतो. मी हे समजावलं. आईने चप्पल खाली ठेवली. बराच वेळ बघत राहिली.

"पगार?"

"नाही."

"खाडे?"

"नाही."

"दिवसा तोंड दाखवत नाही, रात्री सगळं आवरून जाते," ती हळूच म्हणाली. "अरे, अशी बाई मी चाळीस वर्षं शोधतेय."

ऑक्टोबरच्या शेवटी आई परत गेली. विमानतळावर तिने नातीला जवळ घेतलं, सुनेला 'तब्येतीला जप' म्हणाली आणि मला म्हणाली, "डावीकडचीवर लक्ष ठेव."

आता थंडीत इथे रात्रीचे अकरा वाजले की डोंबिवलीत सकाळचे साडेनऊ होतात. आई व्हिडिओ कॉल लावते. मी फोन टाकीला टेकवून उभा करतो, लाल टॉर्च धरतो आणि बाही वर करतो. पलीकडे, आईच्या पाठीमागे, आमच्या डोंबिवलीच्या बाई लादी पुसत असतात. दोन्ही कामं एकाच देखरेखीखाली चालतात.

काल आई म्हणाली, "कोपऱ्यातलं राहिलंय बघ."

मी कोपरापर्यंत हात आत घातला. मागे बाईंनीही फडकं कोपऱ्याकडे वळवलं. आई नेमकं कुणाला म्हणाली, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.