‘मुंबईच्या मुलांना मोबाइलशिवाय पर्यायच नाही’ हे कितपत खरे?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सध्या पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा की मुंबईत खेळायला जागा उरलेली नाही, चार महिने पाऊस असतो, छंदवर्गांची फी परवडत नाही, जुने खेळ आजच्या मुलांना रुचत नाहीत आणि मोबाइल दिला की मूल निदान नजरेसमोर शांत बसते; त्यामुळे दुसरा पर्यायच नाही आणि पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये. अपराधी वाटून घेऊ नये, हे मला मान्य आहे. लोकलच्या गर्दीतून घरी आलेल्या आईने कुकर होईपर्यंत मुलाच्या हाती फोन दिला, तर तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आक्षेप आहे तो ‘पर्यायच नाही’ या शब्दांना.

जागेचा मुद्दा अर्धाच खरा आहे. मैदाने अपुरी आहेत, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्या शहराच्या हद्दीला लागून शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे राष्ट्रीय उद्यान आहे आणि जिथे कचराभूमीच्या जागी माहीमचे निसर्ग उद्यान उभे राहिले आहे, तिथे ‘जागाच नाही’ हे विधान फार सैल आहे. शिवाय समुद्र आहे, आणि तो फुकट आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून तिची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी सर्वांत आत गेलेले असते आणि गिरगाव किंवा जुहूच्या ओल्या वाळूत खेकड्यांची बिळे आणि त्यांच्याभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या दिसतात. पाढे पाठ करायला कुरकुरणारे मूल हा हिशेब आपण होऊन करते, कारण उत्तर चुकले तर पाणी पायाशी असते. (पावसाळ्यातल्या उधाणात मात्र तिकडे फिरकू नये आणि जिवंत प्राणी कधीच घरी आणू नयेत.)

पाऊस आणि पैसा या दोन्ही तक्रारींना पत्त्यांचा एक जोड पुरतो. बदाम सात खेळताना सहा-सात वर्षांच्या मुलाला एक क्षण असा सापडतो की दुसरे पान टाकता येत असताना इस्पिकची अठ्ठी हातातच ठेवली, तर समोरच्या आजोबांची नश्शी आणि दश्शी अडकून पडते. तो शोध लागल्यावर त्याचा चेहरा पाहावा. चोरी पकडली जाईल की काय, अशा आविर्भावात पाने छातीशी धरलेली असतात. पाच खडे, तुटक्या बांगड्यांच्या काचा, नाव-गाव-फळ-फूल यांचा खर्च तर सांगण्याजोगाही नाही.

जुने खेळ मुलांना रुचत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळीच्या आधी दादर-गिरगावातल्या एखाद्या चाळीत डोकावावे. किल्ला करण्यासाठी विटांचे तुकडे रचायचे, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पसरायचे, अळीव पेरून रोज पाणी शिंपडायचे आणि बुरूज ढासळला की कोणामुळे ढासळला यावर भांडायचे, यात दिवसच्या दिवस जातात. मुलांना न रुचणारी गोष्ट म्हणजे एकट्याने खेळणे. लगोरीला सवंगडी लागतात. ते जमवून देणे आपल्याला अवघड वाटते, म्हणून आपण खेळाला जुना ठरवतो.

राहिला शांततेचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्या संदेशाचे मूळ तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, आणि कमी असेल तितके बरे. म्हणजे ज्या बसून राहण्याचे संदेशात कौतुक आहे, तीच हरकतीची बाब आहे. डोळ्यांबाबतही असेच. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले, तेव्हा तीन वर्षांत मायोपिया (लांबचे धूसर दिसणे) होण्याचे प्रमाण 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के राहिले; हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रयोग मोबाइलचा नव्हता, उजेडाचा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण उजेड घरात बसून मिळत नाही.

आवाज नको असतो तो आपल्यालाच. आमच्या इमारतीच्या आवारात ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी अनेक वर्षे होती आणि त्याच सोसायटीच्या सभांत मुले मोबाइल सोडत नाहीत अशी तक्रार दर वर्षी होत असे. अखेर संध्याकाळी पाच ते सात, रबरी चेंडू आणि अंडरआर्म गोलंदाजी, असे ठरले. आजवर तळमजल्यावरची एक काच फुटली आणि तिचे पैसे वर्गणीतून भरले गेले. पाटी काढायला कोणी गेले नाही. सध्या ती स्टंप म्हणून वापरात आहे.