कागदावर किती, हातात किती

शहापुरातलं वडिलांचं घर विकायचं ठरलं तेव्हा बेळगावात सकाळ होती आणि इकडे ओहायोत, कोलंबसमध्ये, मी रात्रीचा जागा होतो. चुलतभावाने गिऱ्हाइकाचा निरोप सांगितला, "निम्मे कागदावर, निम्मे हातात म्हणतात. तुझं काय ते बोल की." मी म्हटलं, हातातले इकडे कसे आणू? "मग तुझा वाटा कागदावरच्यातला धर," त्याने मिनिटात प्रश्न सोडवला. सौदा मोडला. कुणामुळे मोडला, हे घरात अजून निघतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कर्नाटकात गाईडन्स व्हॅल्यू वाढली, म्हणजे खरेदीखतात कितीही कमी लिहिलं तरी ज्याच्या खाली मुद्रांक शुल्क धरत नाहीत तो सरकारी दर. तेव्हापासून आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एकच ओरड: सरकार लुटतंय. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला गेलं की त्याच दराला रेडीरेकनर म्हणतात आणि ओरडही हीच. एवढ्या एका बाबतीत सीमाप्रश्न नाही. पण दर खरा की खोटा हे ठरवायचं कशावरून? खरेदीखतांवरून. आणि खरेदीखतात आकडा कोण लिहितो? आपणच.

इथे कोलंबसमध्ये घर घेताना बँकेने मूल्यांकनाला माणूस पाठवला. त्याला मी निवडलं नव्हतं, कर्ज मंजूर करणाऱ्यालाही निवडता येत नाही. २००८ च्या पडझडीनंतर तसे नियम झाले. फी मात्र माझ्याच माथी. लेझरच्या मापकाने बाहेरून भिंती मोजल्या, प्रत्येक खोलीचा फोटो काढला, अर्ध्या तासात गेला. अहवालात आजूबाजूला अलीकडे विकलेली तीन घरं होती. त्यातल्या एकाला गॅरेज मोठं, म्हणून त्याच्या विक्रीच्या आकड्यातून रक्कम वजा. दुसऱ्याला बाथरूम एक कमी, म्हणून तिथे मिळवली. आपल्या घराला हात लावायचा नाही, शेजारचं घर आपल्यासारखं करून बघायचं. आधीच्या मालकाने हौसेने सजवलेलं तळघर मात्र वरच्या चौरस फुटांत धरलंच नाही, वेगळ्या ओळीत टाकलं, तेही स्वस्तात.

हे सगळं जमतं, कारण ती तीन घरं कितीला गेली हे काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर कुणालाही दिसतं. (टेक्सासमध्ये आकडा जाहीर करायची सक्ती नाही, तिथे मूल्यांकन करणाऱ्यांचीही पंचाईत होते.) इथलं सगळं सोवळं आहे असंही नाही. सौद्याचा करार मूल्यांकन करणाऱ्याच्या आधीच हातात असल्याने अहवालातला आकडा बहुतेक वेळा त्याच्याच आसपास येतो, आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांतली घरं कमी आकारली जातात ही तक्रार जुनी आहे.

तरी मला खुपतं ते बेळगावजवळच्या शेतांतून काढलेल्या हलगा-मच्छे बायपासचं. शेतकऱ्यांचा विरोध मुळात पिकाऊ जमीन जाण्यालाच, आणि तो मला पटतो. पण जमीन गेलीच तर मोबदल्याचा पाया काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सरकारी दर बघतात आणि जवळपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांमधल्या चढ्या निम्म्यांची सरासरी बघतात. ज्यात जास्त ते धरतात. गावात गुंठ्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण खतात कुणी लिहिलेला नसतो. चार पैसे मुद्रांकाचे वाचवलेले असतात शेजाऱ्याने, भोगतो ज्याची जमीन जाते तो.

हे ग्रुपवर लिहिलं तर भाऊ म्हणाला, "तिकडे बसून बोलायला काय जातंय? इथं पहिला खरं लिहील तो जादा मुद्रांक भरणार, आणि बाकीचे हसणार." याला माझ्याकडे उत्तर नाही. परदेशात राहून खरं बोलणं मला स्वस्तात पडतं, हे कबूल.

आता दुसरं गिऱ्हाईक आलंय, बँकेचं कर्ज काढून घेणारं. व्हॅल्युअर घर बघायला येण्याआधीच फोनवर विचारत होता, "लोन किती पाहिजे साहेब?" काल रात्री भावाचा फोन आला, हसतच होता. "ऐक, आता हे म्हणतात, कागदावर जरा जास्तच दाखवूया."