एआयच्या दाखल्यांबाबत खुलासा

लातूर-नांदेडच्या वकील मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एआयने दिलेला निकालाचा दाखला सरळ अर्जात टाका, चूक निघाली तर जबाबदारी कंपनीची.’ हे साफ चुकीचं आहे. सही तुमची, जबाबदारीही तुमचीच.

चॅटजीपीटीसारखी साधनं मुळात पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधतात. त्यामुळे नसलेला निकालही ती ठसक्यात लिहून देतात. परवा माझ्या ज्युनिअरने औरंगाबाद खंडपीठाचा म्हणून एक दाखला आणला. पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक, सगळं जागच्या जागी. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधलं, तर असा निकालच नाही! पोरगं पांढरंफटक पडलं. बरं झालं, अर्ज अजून दाखल व्हायचा होता.

न्यूयॉर्कमध्ये 2023 साली असेच बनावट दाखले दिल्याबद्दल दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलर दंड झाला.

मसुद्याची भाषा सुधारायला एआय जरूर वापरा, मीही वापरतो. पण प्रत्येक निकाल मुळातून वाचा. आणि अशिलाचा आधार क्रमांक, घरगुती वादाचे कागद त्यात टाकू नका. त्याने ते विश्वासाने फक्त तुमच्या हाती दिलेत. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.