बघून जाणारं गिऱ्हाईक

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली शहाणी माणसं हरणाच्या शिकारीला जातात. त्यांच्याहून शहाणी माणसं घरात बसून फुटबॉल बघतात. उरलेले दोघं, म्हणजे मी आणि शेजारचे आजोबा, बोट घेऊन तळ्यावर जातो. तिथे तेव्हा चिटपाखरू नसतं. ते का नसतं, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

आम्ही जातो मस्कीसाठी. गोड्या पाण्यातला हा शिकारी मासा चार-साडेचार फूट लांब होतो. अंगावर काळपट पट्टे, लांबट चपटा जबडा आणि जबड्यात दातांची अशी दाटी की आजोबा त्याच्या तोंडातला गळ काढायला पकडीबरोबर लोखंड कापायची कातरीही ठेवतात. इकडे त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजारदा गळ फेकला की एक मिळतो. हा आकडा कोणी बसून मोजला असेल असं वाटत नाही. मोजायची ज्याची तयारी असेल त्याला घरचे एकट्याला तळ्यावर सोडणार नाहीत.

तरी त्या दहा हजारांचं मला काही वाटत नाही. मासाच आला नाही तर माणूस हवेला, पाण्याला, सरकारला दोष देऊन घरी येतो. जीव जातो तो मासा आल्यावर. आपण गळ लावलेलं रबरी आमिष पाण्यातून ओढत बोटीपर्यंत आणतो, आणि त्याच्या मागे हातभर अंतर ठेवून एक लांबलचक सावली येते. हळूहळू तिला पाठ फुटते, कल्ले फुटतात, डोळे फुटतात. ते डोळे आमिषावर असतात. घाई कसलीच नाही. बोटीपाशी ओढायची दोरी संपते, तो क्षणभर थांबतो, आमिषाकडे बघतो, आपल्याकडे बघतो आणि शेपटीही न हलवता खाली जातो. इथले लोक याला 'फॉलो' म्हणतात आणि संध्याकाळी एकमेकांना अभिमानाने सांगतात, "आज दोन फॉलो झाले." म्हणजे आज दोन माशांनी नापसंत केलं.

मला हे दृश्य पाठ आहे. शाळेच्या सुट्टीत मी पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर मामाच्या साडीच्या दुकानात बसायचो. कपाट रिकामं करवून, गादीवर कमरेइतका ढीग घालायला लावून, शेवटच्या साडीचा पदर दोन बोटांत चुरगाळून बघून "येतो हं एक चक्कर मारून" म्हणत उठणारं गिऱ्हाईक मी शेकड्याने पाहिलं आहे. घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. मस्की हे तेच गिऱ्हाईक.

मामा अशा गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडायचा नाही. त्याचं म्हणणं, जे दुकानात शिरून साडीला हात लावतं त्याला साडी हवी आहे. आता ती त्याने दुसरीकडे घेतली तर चूक कोणाची? आजोबांना मराठी येत नाही आणि मामाने तळं पाहिलेलं नाही, पण दोघं एकाच गुरूकडे शिकले असावेत.

उन्हाळ्यात मस्कीचं गणित सोपं असतं. पाणी गरम, मासा तापट, आमिष जोरात ओढलं की तो राग आल्यागत अंगावर येतो. ऑक्टोबरात तळं उलटतं. उन्हाळाभर वर गरम आणि खाली गार असे थर करून राहिलेलं पाणी, वरचा थर गार होऊन जड झाला की ढवळून एकसारखं होतं. प्राणवायू थेट तळापर्यंत पोचतो आणि मासा कुठेही राहू शकतो. 'कुठेही' हा शब्द आजोबा फार आशेने उच्चारतात. तळं हजारो एकरांचं आहे, हे त्यांना त्या वेळी आठवत नाही.

नोव्हेंबरात पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरतं, आपल्या हिशेबात सात अंश सेल्सिअस. टलिबी नावाचे चंदेरी मासे तेव्हा अंडी घालायला खडकाळ उथळ भागात येतात आणि त्यांच्या मागे मोठ्या मस्की येतात. माद्यांच्या पोटात वसंतातल्या अंड्यांची तयारी सुरू असते, त्यामुळे वर्षातली सगळ्यात जाड, सगळ्यात वजनदार मस्की मिळायची वेळ हीच. मात्र मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याची भूक, त्याचा राग, त्याचं कुतूहल सगळं मंद होतं. गिऱ्हाइकाकडे पैसे भरपूर आणि त्याला काहीही घ्यायचं नाही, असा हा महिना.

त्यावरचा उपाय इथे शेंबडं पोरही सांगेल: बोटीपाशी आमिष आलं की ते बाहेर काढायचं नाही, रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मराठी ८ चालत नाही, त्यात मासा एका टोकाने येतो आणि दुसऱ्याने निघून जातो. इंग्रजी आठाला बाहेर पडायची जागा नसते. वळणं मोठी हवीत, कारण साडेचार फुटांचं जनावर लहान वळणात वळत नाही. त्याला मान मुरडावी लागली की त्याचा विचार बदलतो. उन्हाळ्यात वळणावर वेग वाढवायचा. थंडीत तेच हळू करायचं, आकडा सोडून लांबट गोल काढायचा, आणि खोल. मी बोटीच्या काठावर पोट टेकून कोपरापर्यंत हात पाण्यात घालतो. पाण्याचं तापमान वर दिलेलं आहे.

शिवाय हे दर फेकीला करायचं, मासा दिसो न दिसो. उन्हाळ्यातली मस्की आमिषाला चिकटून वर येते, नोव्हेंबरातली चार-पाच फूट खालून, ढगाळ उजेडात, काळ्या पाण्यातून येते. ती आली होती हे बहुतेक वेळा ती गेल्यावर कळतं, किंवा कळतही नाही. म्हणून रिकाम्या पाण्यात गोल काढायचे. लांबून कोणी पाहिलं तर दोन प्रौढ गृहस्थ तळं ढवळताहेत असं वाटेल. अर्थात लांबूनही बघायला कोणी नसतं, ती एक सोय आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे मासा दिसल्यावर हात थांबू न देणं. एवढं तोंड एवढ्या जवळ आलं की हात आपोआप थबकतो. आमिष थांबलं की मासाही थांबतो, नीट न्याहाळतो, आणि त्याला रबर दिसतं, लोखंड दिसतं. मामा पायरीपर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला कधीच हाक मारायचा नाही, भाव तर मुळीच पाडायचा नाही. पाडला की ते समजतं, अजून पडेल. तो नोकराला सांगायचा, "ती आमसुली पैठणी आत नेऊन ठेव रे, त्या बाई न्यायला येणार आहेत." पैठणी गिऱ्हाइकाच्या नाकासमोरून आत जायची. निम्मी गिऱ्हाइकं पायरीवरून परत फिरायची. आजोबा हेच तीन शब्दांत सांगतात, "पळतंय असं दाखव." आपल्या हातून निसटतंय असं वाटल्याशिवाय मस्की तोंड उघडत नाही.

आता हे सगळं बर्फात करायचं. दोरी पाणी घेऊन येते आणि ते रॉडच्या कड्यांमध्ये गोठतं. काही फेकींनंतर दोरी सरकत नाही, पाव किलोच्या आसपास वजनाचं फूटभर लांब रबरी आमिष हवेत अर्ध्यावर अडतं आणि परत येतं. कोणाकडे, ते वाऱ्यावर. कड्यांना ओठांचं मलम फासतात किंवा स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारतात. डोशाच्या तव्यावर मारायचा आमचा स्प्रे कुठे गेला, हे बायकोला बोटीच्या खणात सापडलं. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन स्प्रे असतात आणि तिच्या स्प्रेवर मार्करने 'फक्त डोसा' लिहिलेलं असतं.

बायको या नादापासून लांब असते, पण एका बाबतीत आजोबांना तिच्याशिवाय चालत नाही. मस्कीवाल्यांची श्रद्धा आहे की चंद्र उगवताना आणि मावळताना, आणि तो डोक्यावर किंवा बरोब्बर पायाखाली असताना मासा तोंड उघडतो. दिसलेल्या माशाची जागा टिपून ठेवायची आणि चंद्रोदयाला तिथे परत जायचं, ही थंडीतली खरी युक्ती. बायको संकष्टी करते. फ्रिजवर कालनिर्णय आहे, पण त्यातला चंद्रोदय इकडे उपयोगाचा नाही, म्हणून ती मिनियापोलिसची वेळ वेगळी काढते. आजोबा ती फोन करून विचारतात. संकष्टीला सातच्या सुमारास ती ताट वाढून अंगणात चंद्र शोधत असते आणि आम्ही अंधारात, डोक्याला दिवे बांधून, त्याच चंद्रावर भरवसा ठेवून गोल काढत असतो. तिला मोदक मिळतात.

याचा अभ्यासही झालेला आहे. १९६६ साली सेंट पॉलमध्ये सुरू झालेली 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था सभासदांनी धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवते. तीन लाखांहून जास्त नोंदी तपासून दोन संशोधकांनी २०१४ मध्ये सांगितलं की चंद्राचा परिणाम दिसतो खरा, पण फार तर पाच टक्के. मी हे आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बँक किती देते?"

थंडीचा कडेलोट झाला आणि मी घरी जाऊ म्हटलं की ते मिल लॅक्सची कथा काढतात. नोव्हेंबर २०२१, रात्रीची वेळ, मिल लॅक्स तळं, आणि ५५ पौंड १४.८ औंसांची मस्की. १९५७ पासून टिकलेला ५४ पौंडांचा मिनेसोटाचा विक्रम त्या रात्री मोडला. "तो पोरगा थंडी वाजते म्हणून घरी गेला असता तर?" यावर उत्तर नाही. मी पुन्हा फेकतो.

पंचवीस किलोंचा हा आकडा मी एकदा सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितला. सासरे मालवणचे. त्यांनी चष्मा लावला. मग मी सांगितलं की मिनेसोटात ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, आणि मोठी मिळाली तरी बहुतेक लोक मोजतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "धरतंस कित्याक आणि सोडतंस कित्याक?" आणि त्यांनी फोन मुलीकडे द्यायला सांगितला. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही. बायको नुसतं "हो ना बाबा, हो ना" म्हणत होती.

गेल्या हंगामाच्या शेवटी आजोबा म्हणाले, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात जाऊ. मिनेसोटात पाणी गोठलेलं नसताना माणशी एकच गळ टाकता येतो, विस्कॉन्सिनमध्ये तीन. तिथला राज्यमासाही मस्कीच. हेवर्ड गावात तर १४३ फूट लांबीची मस्कीच्या आकाराची इमारत आहे, तिच्या जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात. उन्हाळ्यात पोरांना नेलं होतं तेव्हा मीही उभा होतो. त्याच भागातल्या चिपेवा फ्लोएज या जलाशयातून १९४९ मध्ये निघालेल्या ६९ पौंड ११ औंसांच्या विक्रमी मस्कीवरून लोक अजून भांडतात. वजन खरं की खोटं, यावर दोन तट आहेत. मेलेल्या माशाबद्दल एवढा विश्वास आणि अविश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तर चिपेवा फ्लोएज. मी पुढे उभा राहून रबर फेकत होतो. आजोबांनी मागच्या बाजूला फुग्याखाली एक जिवंत सकर मासा सोडला होता आणि ते खुर्चीत बसून थर्मासमधली कॉफी पीत होते. जुन्या काळी मस्कीने सकर धरला की तो गिळेपर्यंत थांबत. गळ पोटात जायचा आणि सोडलेला मासा पुढे मरायचा. आता क्विक-स्ट्राइक रिग असते, म्हणजे गळ सकरच्या अंगावर बाहेरून लावलेले, धरल्याबरोबर ओढायचं. हे ते मला समजावून सांगत असतानाच माझ्या आमिषामागे, बरंच खाली, पाणी जाड झालं.

मी थांबलो नाही. टोक खाली, मोठा गोल, हळू. ती आली. दुसरा गोल, वळणावर आमिष किंचित वर. ती वर आली. तिसऱ्या गोलात तिचा जबडा आमिषाच्या शेपटीला लागेल इतका जवळ होता, तिच्या हनुवटीखालची छिद्रं मला दिसली, मस्की आणि तिचा भाऊबंद पाइक यांतला फरक ओळखायला मोजतात ती. मामाची पैठणी मी मनापासून नेली. चौथ्या गोलाला ती वळली, बोटीखालून निवांत मागच्या बाजूला गेली, आणि आजोबांचा फुगा बुडाला.

आजोबांनी कॉफी खाली ठेवली, रॉड उचलला, एक झटका. मग "जाळं!" म्हणून माझ्यावर ओरडले. जाळं मी धरलं. गळ मी कापले. बर्फाच्या पाण्यात तिचं शेपूट धरून मी तिला सावरलं. ४७ इंच. फोटो मीच काढला. त्यात आजोबा आहेत, मस्की आहे आणि कोपऱ्यात माझा एक हातमोजा आहे. सोडल्यावर ते म्हणाले, "तू तिला छान तापवून दिलीस." आणि पुढचा सकर लावायला घेतला.

फोटो रात्री सासऱ्यांना पाठवला, कौतुकाने. त्यांनी तो मोठा करून पाहिला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. "ह्यो बाजूचो म्हातारो कोण? तेका इचार, विकतलो काय."