रात्रीचा रस्ता, रेषा आणि पुसण्याची ‘लबाडी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

धातूच्या प्लेटवरून छापलेल्या रात्रीच्या चित्रांबद्दलच्या तुमच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. रात्रीचा रस्ता दाखवायचा तर ॲक्वाटिंटच (तापवून चिकटवलेल्या राळेच्या भुकटीभोवती ॲसिडने प्लेट खाऊन सलग छटा उठवण्याची पद्धत) हवं, रेषांची नुसती जाळी होते. आणि शाई पुसताना प्लेटवर तिचा पातळ थर राखून छापणं ही लबाडी, कारण प्रत्येक प्रत वेगळी येते.

पहिला अजिबात पटत नाही. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं १९२१ सालचं ‘नाइट शॅडोज’ पाहा. उंचावरून दिसणारा ओस रस्ता, एकटा माणूस, आडवी पडलेली खांबाची सावली; सगळं एचिंगच्या, म्हणजे लेप दिलेल्या प्लेटवर सुईने ओढून ॲसिडने कोरलेल्या, रेषांत. शाई मिळेल तितकी काळी, कागद मिळेल तितका पांढरा, हा हॉपरचा हट्टच होता. उजेड म्हणजे कोरा कागद, आणि तोच रेषांच्या फटींतूनही दिसत राहतो.

जाळी होते ती सगळ्या रेषा सारख्याच खोल असल्या की. आधी गडद भागाच्या रेषा ओढून प्लेट ॲसिडमध्ये सोडा, मग मधल्या, शेवटी फिक्या. पहिल्यांना सर्वांत जास्त वेळ मिळतो. पण रेषा फार दाटल्या तर मधलं तांबं खाल्लं जाऊन उथळ खळगा पडतो, पुसताना त्यातली शाई निघून येते, आणि मिट्ट काळं हवं तिथेच राखाडी डाग उमटतो. ॲक्वाटिंटमध्ये राळेची भुकटी विरळ पडली तरी हेच. उलट, जास्त तापून दाणे एकमेकांत वितळले तर ॲसिड आत शिरतच नाही. ओल्या रस्त्यावरचा धूसर उजेड मात्र ॲक्वाटिंटमध्येच खुलतो, हे कबूल.

आता लबाडी. अमेरिकन चित्रकार व्हिस्लरने १८७९-८०च्या व्हेनिसमधल्या ‘नॉक्टर्न’ (रात्रीचं दृश्य) या एचिंगमध्ये रेषा मोजक्याच ठेवल्या, अंधार बराचसा पुसण्यातून आला. जाळीच्या कापडाने पुसून झालं की तळहात न फिरवता थांबायचं, आणि दिव्याची जागा बोटाला चिंधी गुंडाळून स्वच्छ करायची. शाईत जवसाचं तेल जास्त असेल तर थर प्रेसखाली फरफटतो. कागदावर पाणी चमकत असेल तर पांढरे ठिपके येतात. टिपकागदात दाबून चमक घालवा. कच्ची प्लेट झाकायला थर वापरणारे आहेतच. म्हणून एक प्रत आधी स्वच्छ पुसून काढावी. त्यातही रस्ता उभा राहिला तरच थर ठेवावा.

प्रती सारख्या असाव्यात म्हणता, तर मार्टिन लुईसचं ‘ग्लो ऑफ द सिटी’ (१९२९) घ्या. हॉपरला एचिंगचे पहिले धडे देणारा हाच. हे ड्रायपॉइंट आहे: सुईने रेषेच्या कडेला उचललेली धातूची खरबरीत कड शाई धरते आणि मखमली काळा देते. प्रेसच्या दाबाने ती कड चपटी होते, त्यामुळे पोलादाचा मुलामा नसलेल्या प्लेटची रात्र काही प्रतींतच फिकी पडू लागते. क्रमांक घालून विकताना हा फरक पेन्सिलीने नोंदवावा, इतकं तुमचं म्हणणं रास्त आहे.