दात दाखवून अवलक्षण

यंदा सुट्टीत नातवंडं येणार, तीही आईबाबांशिवाय, तब्बल पंधरा दिवस, हे ठरलं आणि घरात प्रत्येकाने आपापली काळजी वाटून घेतली. यांनी औषधांचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवला, लेकीने फोनवरून मला मोबाईल किती वेळ द्यायचा यावर अर्धा तास लेक्चर दिलं, आणि मी? मला एकच घोर लागलेला. माझी कवळी.

झालंय काय, की मला कवळी बसवून तीन वर्षं झाली, वरची खालची दोन्ही, पण पोरांना पत्ता नाही. ती राहतात लांब, भेट होते ती व्हिडिओ कॉलवर आणि तिथे मी मस्त दात चमकवत बसलेली असते. धाकटी एकदा म्हणाली पण, आजी तुझे दात किती सरळ आहेत गं! आता सरळ असणारच की, साच्यातून काढलेत. पण मी आपली "रोज दोनदा घासते ना राणी" म्हणून मोकळी झाले. थाप मारणं सोपं असतं हो, ती पंधरा दिवस एकाच बाथरूमच्या घरात निभावणं महाकठीण.

तुम्ही म्हणाल, चष्म्यासारखीच वस्तू ती, त्यात लपवायचं काय? मलाही कळतं ते. पण चष्मा काढला तर माणूस तोच दिसतो. दात गेले की जबड्याचं हाड पण हळूहळू झिजत जातं, त्यामुळे कवळी काढली की गाल आत, ओठ आत, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. आरशातल्या त्या बाईला बघून मीच दचकते, मग साडेचार वर्षांच्या पोरीचं काय होईल?

तर प्लॅन असा केला, की पोरं झोपल्यावर कवळी काढायची, डबी बाथरूमच्या वरच्या कपाटात ठेवायची आणि सकाळी ती उठायच्या आधी दात लावून, तोंड धुवून, साळसूदपणे चहा करायचा. रात्री काढावीच लागते. डेंटिस्टने बजावून सांगितलंय, हिरड्यांना विश्रांती हवी, आणि कवळी कोरडी ठेवायची नाही, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, गरम पाणी बिलकुल नाही, नाहीतर आकार बदलतो. सगळं कसं चोख ठरवलेलं.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पोरं झोपत नाहीत.

झोपत नाहीत म्हणजे काय, अंथरुणात पडतात, मग तहान लागते, मग शू लागते, मग आजीच्या कुठल्या बाजूला कोण यावरून भांडण, मग गोष्ट, मग त्या गोष्टीवर शंका (राक्षस जर झाडाएवढा आहे तर त्याचे शूज कोण शिवतं?), मग दुसरी गोष्ट, आणि त्या दुसऱ्या गोष्टीत राजा शिकारीला निघतो न निघतो तोच आजी घोरायला लागलेली. पहिल्या तिन्ही रात्री मी दातांसकट झोपले. चौथ्या दिवशी हिरड्या अशा ठणकायला लागल्या की जेवताना मी नुसतं वरवर चावायची आणि हे विचारत होते, "काय गं, रुसलीस का कुणावर?"

त्या रात्री म्हटलं आता बास. लाईट बंद केला, अंधारात कवळी काढून उशाशी डबीत ठेवली आणि गोष्ट सुरू केली, म्हटलं हळू आवाजात पुटपुटेन, कळणार नाही. पण आपले त, थ, द सगळे दातांना जीभ लावून यायचे, ते कुठून येणार? स ची तर नुसती हवा. राजाचं वाक्य कसंबसं ढकललं आणि राक्षसाच्या तोंडी वाक्य आलं, तर असा काही फसफसता, ओला, पोकळ आवाज निघाला की दोन्ही बाजूंनी पोरं मला येऊन घट्ट चिकटली. एक क्षण वाटलं संपलं सगळं. तेवढ्यात थोरला कुजबुजला, "आजी, भारी! परत कर ना!"

झालं. तो राक्षस त्या सुट्टीचा हिरो ठरला. रोज रात्री राक्षस हवा म्हणजे हवाच, आणि माझं फावलं, की रात्र झाली, लाईट बंद, दात डबीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची दोन पोरं खेळायला आली तर थोरला म्हणे आजी यांना राक्षसाचा आवाज काढून दाखव. मी काढला. तोंडात दात, त्यामुळे राक्षस एकदम निवृत्त हेडमास्तरांसारखा बोलायला लागला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. "रात्री चांगला येतो तिचा," म्हणाला बिचारा.

आता या थोरल्याची स्वतःचीच एक दंतकथा चालू होती त्यावेळी. साडेसहा वर्षांचा तो, खालचा पुढचा एक दात हलत होता. रोज सकाळी उठला की आधी जिभेने दात ढकलून बघायचा आणि बातमी द्यायचा, आज कालच्यापेक्षा जास्त हलतोय, आज गोल फिरला, आज आडवा झाला होता पण परत उभा राहिला. हात कुणाला लावू देणार नाही. यांनी दोरा आणि दरवाजाचा जुना उपाय नुसता बोलून दाखवला, तर तो दिवसभर दारांपासून चार हात लांब. मी म्हटलं, "अहो, तुम्ही गप्प बसा, त्याचा तो पडेल." आणि खरंच पडतोच की. खालून पक्का दात वर यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, शेवटी नुसता मुकुट उरतो हिरडीला लटकून. हे मी त्याला समजावून सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "किती पडणार?" वीस. आणि नवीन किती येणार? बत्तीस. मग वरचे बारा कुठून येतात? म्हटलं त्या दाढा, त्या मागे रिकाम्या जागेत येतात, आधीचं काही पडावं लागत नाही, तुझ्या वयालाच पहिल्या यायला लागतात बघ. तर तिथल्या तिथे तोंड उघडून मला टॉर्च लावून बघायला लावलं, आणि होती की हो एक, अर्धी वर आलेली! त्याच्या आईला पण माहीत नव्हतं. मला उगाच शोध लावल्यासारखं वाटलं.

मग तो म्हणाला, "तुझ्या दाखव." मी म्हटलं मला दूध तापवायचंय.

नवव्या दिवशी लपाछपी. साठी उलटलेल्या बाईने लपाछपी खेळू नये असं माझं मत आहे, पण त्या घरात माझं मत कोण विचारतंय. धाकटीवर राज्य होतं, ती डोळे मिटून एक, दोन, तीन, सात, वीस असे आकडे मोजत होती आणि मी पडद्यामागे. त्या पडद्याला कित्येक महिने हात लावला नव्हता हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. नाकात धूळ गेली. शिंक दाबायला गेले की ती दुप्पट जोराने येते हा अनुभव सगळ्यांनाच असेल. वरची कवळी एवढी बेइमान नसते, टाळूला सगळीकडून चिकटून असते, मध्ये थुंकीचा पातळ थर असतो तो धरून ठेवतो. खालची मात्र नालेच्या आकाराची, मध्ये जीभ सारखी ढोसणारी, तिला धरायला जागाच कमी. तर ती निघाली. पडद्याखालून सरळ बाहेर, फरशीवर टकटक करत घसरत गेली आणि नेमकी थोरल्याच्या पायाशी जाऊन थांबली, जो सोफ्याच्या मागे लपला होता.

घरात एकदम शांतता. मला पडद्यामागून बाहेर यावंसं वाटेना. ओठ आत ओढून, हात तोंडावर धरून उभी. शेवटी सोफ्यामागून आवाज आला, आणि त्या आवाजात भीती नव्हती, शपथेवर सांगते, आदर होता.

"आजी, तुझे सगळे एकदम पडले? मला एक पाडायला महिना लागतोय!"

त्याने ते मोजले. चौदा. मग वरचे पण मोजायचे म्हणून मला वरची काढायला लावली, तेही चौदा. धाकटी लांब उभी राहून बघत होती, मग जवळ आली, माझ्या आत गेलेल्या गालाला बोट लावलं आणि म्हणाली, "राक्षस!" काय आनंद झाला होता तिला! गेले पाच दिवस जो शेजारी झोपत होता तो आज उजेडात भेटला.

मग प्रश्नांचा पाऊस. नवीन येणार का? नाही रे, दोनदाच येतात. शार्कला तर आयुष्यभर येत राहतात! हो, मगरीला पण. मग माणसालाच का नाही? याचं उत्तर मला नाही आलं, पण हत्तीच्या दाढा सहा वेळा येतात आणि सहावा जोड झिजला की हत्तीची पंचाईत होते हे मी सांगितलं, तर दोघांना हत्तीची फार दया आली, कारण हत्तीला कवळी कोण करून देणार. यांना पण मग चेव आला, पेपरात वाचलेलं आठवलं, म्हणे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1789 साली शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता, बाकी कवळी, आणि लोक म्हणतात तशी ती लाकडाची नव्हती, तिच्यात पाणघोड्याच्या दातांचं हस्तिदंत होतं. पाणघोडा! त्या दिवसापासून माझी कवळी कुठल्या प्राण्याची यावर बैठका बसायला लागल्या. प्लॅस्टिकची आहे म्हटल्यावर दोघांचा चक्क विरस झाला.

आणि कवळी पाण्यात का ठेवतात हा प्रश्न थोरल्याने तीनदा विचारला. कोरडी पडली तर आकार बदलतो, मग बसत नाही, असं तीनदा सांगितलं. एवढं कशाला विचारतोय म्हणून मी लक्ष दिलं नाही.

व्हायचं ते झालं. संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर लेक, जावई आणि पलीकडे माझ्या विहीणबाई बसलेल्या असताना धाकटीने जाहीर केलं, "आजीचे दात उडतात!" मी जागच्या जागी विरघळले. विहीणबाई तोंड मिटून हसल्या. खूपच मिटून. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला वेगळा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमची खालची पण सैल होते का हो?" मग आम्ही पाऊण तास बोललो. लग्न ठरल्यापासून एवढं कधी बोललो नव्हतो.

या सगळ्यात वाईट वाटत होतं ते धाकटीला. घरात सगळ्यांचे दात निघतात, दादाचा हलतोय, आजीचे तर उडतात, आणि तिचा एकही जागचा हलायला तयार नाही. रोज आरशासमोर उभी राहून एकेक हलवून बघायची. शेवटी मी तिला डबीचं झाकण लावायचं काम दिलं. रोज रात्री, गोष्टीच्या आधी, खात्यातला अधिकारी सील लावतो तसं ती झाकण लावायची आणि दोनदा ओढून बघायची.

थोरल्याचा दात तेराव्या दिवशी पडला, सफरचंद खाताना, रक्ताचा एक थेंब आणि प्रचंड भाषण. तो त्याने मुठीत धरला तो धरलाच. आई न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, दात कुठाय, जपून नेऊ या. हा गप्प. बॅगा उपसल्या, उशीचे अभ्रे काढले, सोफ्याखाली झाडू फिरवला. हा आपला "सेफ आहे" एवढंच म्हणतोय. गाडीची वेळ झाली म्हणून तशीच निघाली सगळी.

घर एकदम मोठं झालं. यांनी औषधांचा डबा खाली काढला. मी रात्री बाथरूमचं कपाट उघडलं. डबी मी रोज सकाळी धुवून कोरडी करून ठेवते, आज हातात घेतली तर जड. झाकण गच्च लावलेलं. उघडलं तर काठोकाठ पाणी आणि तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक दात.

लगेच फोन लावला, अजून गाडीतच होती. "अरे, हा इथे काय करतोय?"

"पाण्यात ठेवलाय," तो म्हणाला. आता त्याचा स पण हवेतून जायला लागला होता. "सुकला असता ना. गार पाणी आहे, गरम नाही घेतलं."

मागून धाकटीचा आवाज, "झाकण मी लावलं!"

मी झाकण परत लावलं, दोनदा ओढून बघितलं. त्या रात्री माझे अठ्ठावीस दात पाण्याच्या ग्लासात झोपले, आणि यांना बजावून ठेवलं, पहाटे तहान लागली तर आधी लाईट लावा.